चार लाखांचा हिशेब

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा "हं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई विचारते, भाजी काय केलीस. म्हणून लिहायला बसले. बाबा, चष्मा लावा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा.

आधी मुद्द्याचं सांगते. मुंबईला एमए समाजशास्त्राला मी प्रवेश घेतलाय. पुण्याच्या नोकरीचा राजीनामा दिला, महिनाअखेरीस सुटेन. शैक्षणिक कर्ज मंजूर झालं, सहकर्जदार म्हणून दादानं सही केली. त्याला बोलू नका, मीच शपथ घातली होती. तुम्हाला न विचारता केलं हे चुकलंच. पण विचारलं असतं तर बाबांनी घराच्या उताऱ्याची पिशवी कपाटातून बाहेर काढली असती, आणि आईनं... पाटल्यांचा विषय मी काढत नाही.

उतारा लागत नाही, बाबा. ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक तारण मागत नाही, म्हणून चारच घेतले. फी, होस्टेल, मेस धरून दोन वर्षांचा खर्च ५ लाख २० हजार. वरचे १ लाख २० हजार माझ्या साठवणीतले. शिक्षण संपल्यावर आणखी एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चढत राहतं. दर १० टक्के, आणि पैसे दोन खेपांत उचलणार, म्हणजे तेवढ्यात व्याजाचेच १ लाख. ते साचू दिलं तर पुढं सात वर्षं महिन्याला ८,३०० चा हप्ता बसतो. व्याज महिन्याच्या महिन्याला भरलं तर ६,६४०. मी भरणार. पहिल्या वर्षी महिन्याला १,६६७, नंतर ३,३३३. शनिवार-रविवार दहावीच्या मुलींच्या शिकवण्या घेईन. हे आकडे मी वहीत चार वेळा मांडलेत, बाबा तपासतील म्हणून.

तुम्ही जपून ठेवलेलं ते मुलींच्या फी माफीचं २०२४ चं कात्रण मला माहीत आहे. ती माफी इंजिनिअरिंग, फार्मसी असल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, एमएला नाही.

"त्यात नोकरी कुठाय?" असं तुम्ही म्हणणार, आणि ते खोटं नाही. पुढं गेलेल्या मैत्रिणी संस्थांमध्ये वीस-पंचवीस हजारांवर लागल्यात. मला आत्ता सत्तावीस मिळतात. म्हणजे दोन वर्षं शिकून, कर्ज काढून, आजच्यापेक्षा कमीच. कॉलेजात शिकवायचं म्हटलं तर आधी तासिका तत्त्वावर राबायचं आणि जागा कधी निघते त्याची वाट बघायची. नेट म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिन्याला ३७ हजार आहेत, पण ते मी हिशेबात धरलेच नाहीत. बावीस हजारांतून ६,६४० गेले तरी पोट भरतं, एवढं बघूनच कर्जाचा आकडा ठरवला. दिल्लीच्या एका कॉलेजात अकरा लाख लागत होते. तिथला फॉर्म भरलेला होता, तो सोडून दिला.

आपल्या सोलापुरात केगावला विद्यापीठ आहे की, असं आई म्हणेल. आहे, आणि स्वस्तातही झालं असतं. पण मुंबईच्या कोर्समध्ये फील्डवर्क आहे आणि संस्था तिथंच नोकरीसाठी मुली निवडायला येतात. शिवाय, आई, मला जायचं होतं. बँकेच्या फॉर्मवर हे कारण लिहायला रकाना नव्हता.

तुझा चिंचोक्यांचा डबा आहे का गं अजून? टॉवेलला हेमिंग मारून डझन झालं की एक चिंचोका डब्यात. मुकादमाच्या वहीत डझन नेहमी कमी निघायचे, म्हणून संध्याकाळी मला मोजायला बसवायचीस. एकदा आपले एकवीस आणि त्याचे एकोणीस. तू काही बोलली नाहीस, पदरानं हात पुसलेस आणि घरी आलीस. ते दोन डझन कुठं गेले, हे मला सातवीपासून विचारायचं होतं. पुण्याच्या नोकरीत विम्याच्या क्लेमच्या फोनवर बसून ते विचारता येत नाही.

माझी काळजी नको. होस्टेलात पाणी रोज येतं, आपल्यासारखं चार दिवसांआड नाही. चादर मी आपलीच नेणार, ती लाल मोरांची, कडेला उसवलीय तरी. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसले की सकाळी घरी. गड्ड्याच्या जत्रेला येतेच.

आता ऐका. पाणी येईल त्या दिवशी बाबांनी घागरी उचलायच्या नाहीत, मोटर दुरुस्त करून घ्या. खोकल्यासाठी डॉक्टरांना सांगताना "चाळीस वर्षं मागावर होतो" हे आधी सांगा, नुसतं "थोडा खोकला" नको. आईनं दुपारच्या उन्हात पायी बाजारात जायचं नाही, रिक्षा करायची. शुगरची गोळी जेवणाआधीची आहे, आठवल्यावरची नाही. रागानं नाही म्हणत गं. घरी असते तर रोज हातात आणून दिली असती.

रविवारी येतेय. वही सोबत आणते. कडक भाकरी दोन-चार जास्तीच्या बांधून ठेव, मुंबईला न्यायच्यात. शेंगाचटणी मात्र विकतची आण, खलबत्ता घेऊन बसू नकोस. ऐकणार नाहीस, तर निदान लसूण बाबांना सोलायला लाव.

तुमची,
चिमी