दुःखाला ‘संधी’ म्हणू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत, जवळचे माणूस गेल्यावर निसर्ग आणि प्राणी यांच्या सोबतीने कसे सावरावे हे सांगणारा लेख वाचला. लेखिकेचा हेतू चांगला आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु दुःख ही ‘स्वतःला नव्याने घडवण्याची संधी’ आहे, हे वाक्य चौकटीत मोठ्या अक्षरांत छापताना ते कोणाकोणाच्या घरी वाचले जाईल, याचा विचार व्हायला हवा होता. कालपासून ते मनातून जात नाही, म्हणून लिहिते.

लेखात दुःखाच्या पाच पायऱ्या दिल्या असून आपण कोणत्या पायरीवर आहोत हे वाचकाने तपासावे, असे सुचवले आहे. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये या पायऱ्या मांडल्या, त्या मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून; मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या. एवढा खुलासा तरी हवा होता.

२०१९ च्या दुष्काळात आमची चार जनावरे, म्हणजे खिलार बैलांची जोडी, एक गाय आणि तिचे खोंड, माळावरच्या चारा छावणीत होती आणि माझे पती त्यांच्याजवळ मुक्कामाला होते. मे महिन्यातील एका पहाटे छावणीतच त्यांच्या छातीत कळ आली आणि दवाखाना गाठण्याआधीच ते गेले. तेराव्यापर्यंत शेजारच्या दावणीवाल्यांनी आमची जनावरे सांभाळली. चौदाव्या दिवशी दीर म्हणाले, “वहिनी, बैलं इकून टाकू. आता त्यांच्यामागं कोण राहणार?” मुलगा मुंबईला नोकरीत, त्याची रजा संपलेली. मी निवृत्त शिक्षिका. तोवर बैलाच्या वेसणीला हातही लावलेला नव्हता. तरी वळकटी घेऊन मी छावणीत गेले. दुष्काळात बैल मातीमोल जातो हे एक, आणि ज्यांच्यासाठी ते माळावर राहिले त्यांनाच लगेच बाजार दाखवणे माझ्याच्याने होण्यासारखे नव्हते.

आपल्या लेखात हिरवाई आहे, पाखरांची किलबिल आहे, झाडाला मिठी मारणे आहे. त्या माळावर हिरवे म्हणावे असे उसाचे वाढे तेवढे होते, तेही ट्रकमधून उतरलेले. पहाटे शेण काढायचे, टँकर आला की पाणी भरायचे, कानातल्या बिल्ल्यांवरून जनावरांची हजेरी द्यायची, मग वैरणीच्या रांगेत उभे राहायचे. जोडीतला एक बैल गरीब होता. दुसरा, हरण्या, मात्र माणूस ओळखून वागे. पहिले आठ दिवस त्याने मला जवळ येऊ दिले नाही, आणि मी टाकलेले वाढे मी लांब गेल्यावरच तो खाई. माझे पती गोठ्यात शिरताना नेहमी खाकरत. रात्री छावणीत कोणी पुरुष खोकला की हरण्या उठून उभा राही आणि कितीतरी वेळ त्या बाजूला कान टवकारून थांबे. घरी बायका गळ्यात पडून रडल्या तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले नव्हते. ते हरण्याला तसे उभे पाहिले त्या रात्री आले, आणि थांबेना. शेजारच्या दावणीवरच्या म्हाताऱ्या बाईंनी मला गप्प केले नाही की समजावले नाही. सकाळी उठले तेव्हा त्यांनी माझ्या वाटचे शेण काढून ठेवले होते.

त्या वर्षी पावसाने ओढ दिली आणि आमचा मुक्काम लांबला. मी वेसण धरायला शिकले, पेंड भिजवायला शिकले, आणि परत घरी आल्यावर एके दिवशी हरण्याने आपण होऊन मान पुढे करून खाजवून घेतले. यात माझी कोणती प्रगती झाली, ते मला सांगता येणार नाही. दावणीला जनावरे उपाशी होती म्हणून मला रोज उठावे लागले, आणि उठता उठता दिवस गेले, हे मात्र मी सांगू शकते.

म्हणूनच ‘पोकळी भरण्यासाठी एखादे पिल्लू घरी आणा’ हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. कुत्रे दहा-बारा वर्षे जगते. त्याला वेळेवर लस, खाणे, फिरवणे सारे लागते. शोकात आणलेले पिल्लू शोक ओसरल्यावर रस्त्यावर सोडून दिले, तर त्याने कोणाकडे पाहावे? आणि ते घरचे होऊन राहिले तरी एक दिवस जाणारच. हरण्या गेल्या वर्षी बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाच्या, आठ दिवस आधी गेला. बांधावरच्या बाभळीखाली त्याला पुरले, तेव्हा माझे पती दुसऱ्यांदा गेल्यासारखे झाले, आणि ‘बैलच तो, किती मनाला लावून घेता’ असे सांगणारेही भेटले. या दुःखाविषयी आपल्या लेखात एक ओळ नाही.

आणखी एक. लेखाबरोबरच्या छायाचित्राखाली ‘खिलार गाय’ असे छापले आहे. फुगीर कपाळाची, लांब लोंबत्या कानांची ती तांबडी गाय गीर आहे. खिलारचे तोंड निमुळते, अंग पांढरे, कान लहान, आणि लांब टोकदार शिंगे कपाळाच्या रेषेत मागे जाऊन वर वळलेली असतात. खरसुंडीच्या जनावरांच्या यात्रेतील शाळकरी पोरही ही चूक करणार नाही. पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, ता. आटपाडी, जि. सांगली