गोष्ट पाहणे आणि गोष्ट रचणे

महोदय,

‘डिजिटल वर्ग’ म्हटले की भिंतीवर टीव्ही आणि समोर हाताची घडी घालून बसलेली मुले, हेच चित्र दिसते. मुले गोष्ट पाहतात, रचत नाहीत. २०१५ पासून प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मुलांच्या गोष्टी मोफत मिळतात, मराठीतही. तिथली चित्रे घेऊन मुलांना स्वतःची गोष्टही लिहिता येते. आमच्या तिसरीच्या वर्गात हे करून पाहिले. एकाने ‘म्हैस पळाली’ एवढेच लिहिले. फोनवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ऐकले आणि म्हणाला, “बाई, कुठं पळाली ते राहिलंच की!” मग अर्धे पान भरले. वेलांट्या चुकल्या, त्या काय, नंतर दुरुस्त होतात.

माइनक्राफ्टसारख्या संगणकावरच्या खेळातल्या आभासी जगात गाव उभारायचे, दुकानांच्या पाट्या, एसटीचे वेळापत्रक मुलांनीच लिहायचे, हेही मोठ्या वर्गांना जमेल. पण तेवढे संगणक आहेत कुठे? गोष्टीला मात्र एक फोन पुरतो. शिक्षक प्रशिक्षणात ॲपची बटणे दाखवण्यातच दिवस जातो. त्यातले दोन तास मुलांकडून गोष्ट कशी काढून घ्यावी, यासाठी द्यावेत.

– एक प्राथमिक शिक्षिका, जि. सांगली