तीन ओळींची वही

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

हल्ली जो तो तुला सांगतो, 'जे आहे त्यात समाधान मान.' ऐकून तुझं डोकं उठत असेल, आणि त्यात तुझं काही चुकत नाही. दुःख डोक्यावर असताना समाधान मानायला सांगणं म्हणजे दुधाची तहान ताकावर. माझं म्हणणं वेगळं आहे. कृतज्ञता मानायची नसते, टिपायची असते. दुःख आपल्या जागी राहतं. त्याच दिवसात आणखी काय काय होतं, ते तेवढं नजरेतून सुटू द्यायचं नाही.

एक साधी वही घे. मोबाइलवर लिहू नकोस. तो हातात आला की तीन ओळी राहतात आणि तीस मेसेज वाचून होतात. झोपण्याआधी दहा मिनिटं बसून आज घडलेल्या तीन बऱ्या गोष्टी लिही आणि प्रत्येकीपुढे ती का घडली ते लिही. हा 'का' लोक गाळतात, पण खरं काम तिथेच होतं. 'मित्र चांगले आहेत' ही ओळ निकामी आहे. 'दुपारी त्याने फोन केला आणि सल्ला न देता ऐकून घेतलं. कारण सकाळी मी त्याला खरं काय ते सांगितलं होतं,' ही ओळ कामाची. मोघम वाक्याला मन चार दिवसांत सरावतं. तपशील मात्र रोज नवा शोधावा लागतो, आणि तो शोधायचा म्हणून दिवसभर नजर उघडी राहते.

मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली हाच प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना फक्त एक आठवडा लिहायला सांगितलं होतं. सहा महिन्यांनी त्यांचा आनंद मोजला तेव्हाही फरक टिकून होता, आणि जे आपणहून लिहीत राहिले त्यांना जास्त फायदा झाला. हे सुखवस्तू माणसांचे चोचले आहेत असंही समजू नकोस. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या अभ्यासात स्नायू आणि मज्जातंतूंचे दीर्घ आजार असलेली माणसं होती. २१ दिवस अशी नोंद ठेवल्यावर त्यांची मनःस्थिती सुधारली, झोपही बरी लागली. आजार होता तिथेच होता.

आता हे बिघडतं कुठे, ते सांगते. पंधरा दिवसांनी लिहिणं यांत्रिक होतं. तेव्हा जबरदस्ती न करता आठवड्यातून एक-दोनदाच लिही. दुसरी चूक तुलनेची. 'लोकांचं याहून वाईट चाललंय' असं लिहिलंस की हाती लागतो तो अपराधीपणा, कृतज्ञता नव्हे. तिसरी मला सगळ्यात धोक्याची वाटते. जो माणूस तुला सतत दुखावतो, त्याच्या एखाद्या उपकाराची नोंद करून त्याचं वागणं पदरात घेऊ नकोस. आभार आणि मिंधेपण वेगळं ओळखायला शीक.

काहीच सुचत नसेल तर उलट बाजूने जा. आज हाताशी असलेली एक गोष्ट निवड आणि ती कधी वाट्याला आलीच नसती तर दिवस कसा गेला असता, ते चार वाक्यांत लिही. सवयीने अदृश्य झालेली गोष्ट अशीच पुन्हा दिसते.

वर्तमानात राहायचं कसं, हा दुसरा भाग. मन चिंती ते वैरी न चिंती, हे खरंच आहे. किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली दिवसातल्या अवचित क्षणी लोकांना विचारून पाहिलं, तर जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. गंमत म्हणजे मन सुखाच्या विचारात रमलेलं असतानाही माणसं कामात लक्ष असतानापेक्षा जास्त आनंदी नव्हती.

श्वासापासून सुरुवात कर. नाकाने ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात, पाच मिनिटांत तीस. बाहेर सोडताना मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा जोर वाढतो आणि हृदयाची गती मंदावते, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. छाती फुगवून भराभर खोल श्वास घेतलेस तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येईल, बोटांना मुंग्या येतील. तसं झालं तर थांब आणि नेहमीसारखा श्वास घे. लक्ष सुटणारच. सुटल्याचं लक्षात येणं आणि परत येणं, व्यायाम तोच आहे. तीस श्वासांत वीसदा परत आलास तर वीसदा व्यायाम झाला.

डोळे मिटल्यावर जास्त घाबरायला होत असेल तर मिटू नकोस. तळपाय जमिनीवर टेकव आणि दिसणाऱ्या पाच गोष्टी, स्पर्शाच्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव, अशी मनात नावं घे. घाई केलीस तर उपयोग नाही. प्रत्येकीवर एक श्वासभर थांब.

चिंतेला वेळ नेमून दे. रोज ठरलेल्या जागी ठरलेला अर्धा तास. मात्र अंथरुणात नाही आणि झोपेच्या तोंडावरही नाही. इतर वेळी चिंता आली की चिठ्ठीवर एका ओळीत लिही आणि त्या अर्ध्या तासासाठी ठेवून दे. तेव्हा चिठ्ठ्या वाचताना जिथे काही करता येण्याजोगं आहे, तिथे उद्याची पहिली कृती लिहून टाक. बाकीच्या चिठ्ठ्यांतल्या बऱ्याचशा तोवर शिळ्या झालेल्या दिसतील.

यातलं काहीही औषधाला पर्याय नाही. दोन आठवडे सलग मन उदास राहिलं, कशातच रस वाटेना, झोप-भूक उडाली, तर डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटलं तर दोन आठवडेही थांबू नकोस. त्याच क्षणी मला उठव, कितीही वाजलेले असोत.

वही आजच काढ. तीन ओळी सुचल्या नाहीत तर एकच लिही, खाली तारीख घाल आणि दिवा मालव.

तुझी,
आई