शिरोरेषा सरळ करून देणाऱ्या शेजाऱ्यास

प्रिय मित्रा,

माझ्या संगणकावरची मराठी अक्षरं तू नीट करून दिलीस, त्याबद्दल समोर येऊन आभार मानायला गेले की तू "काय काकू, त्यात काय एवढं" म्हणून विषय संपवतोस. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. तुझं नाव घालत नाही, तुला ते आवडणार नाही. दादरच्या आपल्या इमारतीतले लोक ओळखतीलच.

माझं काम मुद्रितशोधनाचं. पूर्वी प्रुफं कागदावर यायची, आता बहुतेक सगळी पडद्यावर वाचावी लागतात. पुस्तकाचं पान उभं, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून आणलेला चोवीस इंची मॉनिटरही मी उभा फिरवून ठेवलेला. संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली. संध्याकाळ होईपर्यंत डोळ्यांची आग व्हायची. अक्षरांच्या कडांना तांबूस-निळसर झाक, अनुस्वार शिरोरेषेला चिकटलेले, मधेच एखादं अक्षर भलत्याच जाडीचं. ज्यांना विचारलं त्यांनी चष्म्याचा नंबर तपासा म्हणून सांगितलं, नाहीतर नवा मॉनिटर घ्या म्हणून. इंग्रजी तर नीट दिसतंय ना, असंही एकाने विचारलं. नंबर तपासून झाला होता आणि माझं काम मराठीचं आहे.

तू ऑफिसातून दमून आला होतास, तरी बसलास. आणि माउसला हात लावायच्या आधी विचारलंस, "तुम्हाला वाचताना नेमकं काय वेगळं दिसायला हवं?" हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. मी कागदावर जोड्या लिहून दिल्या: दर्या आणि दऱ्या, आचार्यांना आणि आचाऱ्यांना, वर्ग आणि वंग, मेला आणि मैला. रफाराच्या जागी अनुस्वार वाचला गेला किंवा दोन मात्रांची एक दिसली, तर चूक तशीच छापली जाते आणि पुस्तकात कायमची राहते. ते शब्द तू दहा पॉइंटात टाइप करून पडद्यावर ठेवलेस आणि प्रत्येक बदलानंतर आपण तेच पाहत गेलो. बरं वाटतंय की नाही हे तू ठरवलं नाहीस, मला ठरवू दिलंस.

रंगीत झाकेचं कारण तू दोन मिनिटांत सांगितलंस. मॉनिटरचा प्रत्येक ठिपका म्हणजे लाल, हिरवी आणि निळी अशा तीन पट्ट्या, शेजारी शेजारी. अक्षराची कड रेखीव दिसावी म्हणून फ्रीटाइप, म्हणजे लिनक्समध्ये पडद्यावर अक्षरं रेखाटणारा प्रोग्राम, या पट्ट्या वेगवेगळ्या उजळवतं. मॉनिटर उभा फिरवला की त्याच पट्ट्या एकावर एक येतात, पण सेटिंगमध्ये अजून 'आरजीबी', म्हणजे शेजारीच आहेत, असं लिहिलेलं. तू ते बदलून 'व्हीआरजीबी', म्हणजे एकावर एक, करून दाखवलंस आणि झाक बरीच कमी झाली. तेवढ्यावर कुणीही थांबलं असतं. पण जीटीके ४ या, खिडक्या आणि बटणं काढून देणाऱ्या साधनावर बनवलेले नवे प्रोग्राम या पट्ट्यांचा उपयोगच करत नाहीत, मग एका खिडकीत अक्षर असं आणि दुसरीत तसं दिसेल, असं म्हणून तू ते पुरतं बंद केलंस आणि सगळीकडे साध्या राखाडी छटा ठेवल्यास. माझ्या डोळ्यांना तो एकसारखेपणाच हवा होता.

मग हिंटिंग, म्हणजे अक्षराच्या रेघा पडद्याच्या ठिपक्यांशी जुळवून घेणं. दहा पॉइंटाच्या अक्षराला पडद्यावर जेमतेम तेरा ठिपक्यांची उंची मिळते. इंग्रजीचं त्यात भागतं. आपल्याला त्यातच शिरोरेषा, वरच्या मात्रा, अनुस्वार, रफार आणि खालचे उकार बसवायचे असतात. माझ्याकडे 'हिंटफुल' चालू होतं, म्हणजे प्रत्येक रेघ जवळच्या ठिपक्यावर ओढून बसवायची. त्या ओढाताणीत दोन मात्रांमधली फट बुजत होती. तू 'हिंटस्लाइट' केलंस. त्यात अक्षर फक्त उभ्या दिशेने ठिपक्यांशी जुळवलं जातं, रुंदीला धक्का लागत नाही. शिरोरेषा आडवी, तिला नेमकं एवढंच लागतं. मेला आणि मैला पहिल्यांदा वेगळे दिसले तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते, आठवतंय? ट्रूटाइप फॉन्टमधल्या हिंटिंगच्या सूचना पेटंटमुळे फ्रीटाइपमध्ये मुळात बंद असायच्या आणि ती पेटंट २०१० मध्ये संपली, हेही तू बोलता बोलता सांगितलंस. मला अशा गोष्टी ऐकायला फार आवडतात.

जाड अक्षराचा चोर होता 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या सर्व लिप्यांच्या सामाईक अक्षरयादीत, २००८ साली आलं. जुन्या फॉन्टमध्ये ते नसतं, म्हणून फॉन्टकॉन्फिग, म्हणजे लिनक्समध्ये कोणता फॉन्ट वापरायचा ते ठरवणारा प्रोग्राम, ते दुसऱ्या फॉन्टमधून उसनं आणतं आणि शब्दाच्या मधोमध शिरोरेषा तुटते. अक्षर इंग्रजी फॉन्टमध्ये नसेल तर लगेच पाठोपाठ कोणता देवनागरी फॉन्ट घ्यायचा ते तू ठरवून दिलंस. मी 'मुक्ता' मागितला, मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या गटाने केलेला, म्हणून थोडा हट्टच धरला.

आणि ल-श. राज्य शासनाच्या २००९च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितलेले आहेत, पण पडद्यावर मला सतत हिंदी वळणाचेच दिसायचे. मला वाटायचं, त्यासाठी वेगळा फॉन्टच लागतो. युनिकोडमध्ये अक्षर तेच असतं. फॉन्टच्या पोटात मराठीसाठीचे आकार असतील, तर मजकुराची भाषा मराठी आहे एवढं प्रोग्रामला कळलं की ते बाहेर येतात, हे तू दाखवलंस. लिबरऑफिस या माझ्या लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये भाषा हिंदी होती ती मराठी केलीस, आणि पानभर ल आणि श बदलले. लहानपणी पाटीवर गिरवले तसे.

या सगळ्याहून मोठं काम तू जाताना केलंस. सगळ्या सेटिंग एकाच फॉन्ट्स.कॉन्फ फाइलमध्ये, माझ्या होम फोल्डरात ठेवल्यास, आणि प्रत्येक नियमाच्या वर मराठीत टीप लिहिलीस: हे काय आहे, का केलं, नको असेल तर कोणत्या ओळी काढायच्या. मला कुणावर अवलंबून राहावं लागू नये, हा विचार तू त्या रात्री अकरा वाजता केलास. याबद्दल मी तुझी कायमची ऋणी आहे.

आता एक विचारायचं आहे. पार्ल्याला माझी मैत्रीण हेच काम करते. तिच्या संगणकावर मी तुझी फाइल तुझ्या टिपा वाचत वाचत बसवून दिली, आणि तिचा मॉनिटर आडवा असूनही ती नीट चालते आहे. आणखी काही मुद्रितशोधक मागताहेत. चालत असेल तर टिपांसकट देते, आणि तुझं नाव घालायचं की नाही ते तू सांग.

तुझी,
तळमजल्यावरची काकू