मार्चमधल्या त्या शर्यतीबद्दल

दुबई

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी म्हटलं, मार्चमध्ये या, दुबई वर्ल्ड कपची घोड्यांची रेस बघायला जाऊ, आणि आई, तू एकदम गप्प झालीस. मला कळलं. रेस म्हटलं की तुझ्यासमोर नानामामा उभे राहतात, गहाण पडलेलं घर येतं, मामींनी मोडलेल्या पाटल्या येतात. तू ते लहान वयात पाहिलंस, त्यामुळे ‘अगं, ही तसली नव्हे’ एवढ्यावर तुझं समाधान व्हायचं नाही. म्हणून सविस्तर लिहितेय. थोडं तुझ्यासाठी, बरंचसं बाबांसाठी.

आधी तुझ्या मनातलं. दुबई वर्ल्ड कपच्या मैदानावर पैसे लावता येत नाहीत. बुकी नाहीत, पैसे लावायची टोटची खिडकी नाही. जिंकणारे घोडे ओळखायची एक फुकट स्पर्धा प्रेक्षकांसाठी असते. बरोबर आलं तर बक्षीस, चुकलं तर पदरचं काही जात नाही. आपल्याकडे, आणि जगात बहुतेक ठिकाणी, बक्षिसाचा पैसा मोठ्या प्रमाणात लोकांनी लावलेल्या पैशांतूनच येतो. इथे तो राज्यकर्त्यांकडून आणि स्पॉन्सर कंपन्यांकडून येतो. मुख्य शर्यतीचं बक्षीस आता 1 कोटी 20 लाख डॉलर आहे, शंभर कोटी रुपयांच्या आसपास, आणि शर्यत जेमतेम दोन मिनिटांची. हा पैसा कोणाच्या पाटल्या मोडून आलेला नाही, एवढं मी तुला खात्रीने सांगते.

आता बाबा. ही शर्यत उभी केली शेख मोहम्मद बिन रशीद अल मक्तूम यांनी. आज ते दुबईचे राज्यकर्ते आहेत. इंग्लंडात त्यांचा पहिला घोडा जिंकला तो 1977 साली ब्रायटनला. हत्ता नावाची घोडी होती ती. पुढे न्यूमार्केटला आणि आयर्लंडमध्ये त्यांनी पैदाशीचे मोठमोठे फार्म उभे केले आणि आपल्या तबेल्याला गोडॉल्फिन हे नाव दिलं. ते कुठून आलं हे तुम्हाला सांगायला नकोच. डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन आणि बायर्ली टर्क, या तीन घोड्यांपर्यंत शर्यतीच्या सगळ्या थरोब्रेड जातीच्या घोड्यांची वंशावळ जाते हे तुम्हीच मला शिकवलंत. डार्ली अरेबियन 1704 साली सीरियातल्या अलेप्पोहून इंग्लंडात गेला. मुंबईतसुद्धा भायखळ्याच्या जुन्या शर्यतींमध्ये आखातातून जहाजाने आलेले अरबी घोडेच पळायचे. म्हणजे जे रक्त इथल्या मुलखातून तीनशे वर्षांपूर्वी बाहेर गेलं, त्याचे उत्तमातले उत्तम वारस परत वाळवंटात आणून पळवायचे, असा हा घाट होता. मला त्यातली ही ओढ खरी वाटते. नुसत्या श्रीमंतीच्या प्रदर्शनासाठी कोणी इतकी वर्षं घोड्यांच्या मागे घालवत नाही.

पहिली शर्यत 27 मार्च 1996 रोजी दुबईतल्या नाद अल शेबाच्या रेसकोर्सवर झाली. वाळूमातीचा ट्रॅक, 2000 मीटर, बक्षीस 40 लाख डॉलर. तेव्हा जगात एवढं बक्षीस कुठल्याच शर्यतीला नव्हतं. पण मोठी रक्कम जाहीर केली म्हणून मोठा घोडा येतोच असं नाही. अमेरिकेचा सिगार लागोपाठ 13 शर्यती जिंकलेला होता आणि नुकताच त्याच्या खुरात पू झाला होता. तरी त्याला विमानाने आणलं. शेवटच्या टप्प्यात सोल ऑफ द मॅटर हा घोडा त्याच्या बरोबरीला आला, जॉकी जेरी बेली यांनी त्याला पुन्हा पुढे काढलं, आणि तो अर्ध्या लेंग्थने, म्हणजे घोड्याच्या अर्ध्या लांबीने जिंकला. तो आला नसता तर या शर्यतीला नाव मिळायला किती वर्षं लागली असती कोण जाणे. बाबा, या घोड्याची पुढची गोष्ट तुम्हाला चटका लावेल. निवृत्तीनंतर त्याला पैदाशीसाठी ठेवलं आणि तो वांझ निघाला. एकही शिंगरू त्याच्या मागे राहिलं नाही.

दुसऱ्या वर्षी वाळवंटात असा पाऊस पडला की ट्रॅक सुकवायला हेलिकॉप्टर फिरवली, तरी जमलं नाही. शर्यत पुढे ढकलून 3 एप्रिलला घेतली आणि इंग्लंडचा सिंगस्पील जिंकला.

पण माझ्या मनात घर केलंय ते दुबई मिलेनियम या घोड्याने. त्याचं मूळ नाव याझर. शेख मोहम्मद यांनी तो आपला सर्वांत चांगला घोडा ठरणार हे ओळखून त्याचं नाव बदललं, आणि 2000 सालचा वर्ल्ड कप जिंकायचा तो यानेच, असं मनाशी धरलं. इतकी अपेक्षा एका जनावरावर! तो जिंकला, सहा लेंग्थने, सुरुवातीपासून पुढे राहून, ट्रॅकचा विक्रम मोडून. वर जॉकी फ्रँकी देत्तोरी होते. दहा शर्यतींत तो हरला फक्त एकदा, इंग्लंडच्या एप्सम डर्बीत. त्याच वर्षी पाय मोडला, शर्यती संपल्या, आणि न्यूमार्केटला पैदाशीचा पहिलाच हंगाम चालू असताना, एप्रिल 2001 मध्ये, तो ग्रास सिकनेसने गेला. कुरणात चरणाऱ्या घोड्यांना होणारा तो आजार, आतड्यांच्या नसाच निकामी होतात, अन्न पुढे सरकत नाही. शस्त्रक्रिया केल्या, उपयोग झाला नाही. पाच वर्षांचा होता.

मागे राहिली ती त्या एका हंगामातली सुमारे 56 शिंगरं. त्यातलं एक दुबावी. बाबा, आज जगातल्या सर्वोत्तम पैदाशीच्या घोड्यांत दुबावीचं नाव घेतात. त्याचा मुलगा माँटेरोसो 2012 चा वर्ल्ड कप जिंकला. दुसरा, प्रिन्स बिशप, 2015 मध्ये जिंकला, तेही आठ वर्षांचा असताना, अमेरिकेच्या कॅलिफोर्निया क्रोमला मागे टाकून. आठव्या वर्षी असल्या शर्यतीत घोडा उतरवणं म्हणजे काय, ते तुम्ही आईला समजावून सांगा.

2010 पासून शर्यत मेयदान या नव्या रेसकोर्सवर हलली. नवं स्टँड जवळजवळ दीड किलोमीटर लांब आहे. तिथे सुरुवातीला वाळू, तंतू आणि मेणाचं मिश्रण असलेला टॅपेटा ट्रॅक होता. अमेरिकन लोक तिथे घोडे आणायला तयार होईनात, तेव्हा 2015 पासून पुन्हा मातीचा ट्रॅक आला. थंडर स्नो 2018 आणि 2019 असा लागोपाठ दोनदा जिंकला, तसं दुसऱ्या कोणाला अजून जमलेलं नाही. 2020 ला कोरोनामुळे शर्यतच झाली नाही. त्याच वर्षी रियाधला सौदी कप सुरू झाला, बक्षीस दोन कोटी डॉलर, त्यामुळे सर्वांत श्रीमंत हा मान आता दुबईकडे नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही.

कारण सांगते. इन्व्हासोर हा घोडा जन्मला अर्जेंटिनात, नावारूपाला आला उरुग्वेत, आणि आयुष्यात एकदाच हरला तो इथेच दुबईत, 2006 च्या यूएई डर्बी या दुसऱ्या एका शर्यतीत. पुढच्या वर्षी नाद अल शेबाच्या त्याच ट्रॅकवर तो वर्ल्ड कप जिंकला. 2011 मध्ये जपानात भूकंप आणि त्सुनामी आली 11 मार्चला. 26 मार्चला इथे व्हिक्टॉयर पिसा पहिला आणि ट्रान्सेंड दुसरा, दोन्ही घोडे जपानचे. जपानने ही शर्यत त्याआधी कधी जिंकली नव्हती. ज्यांच्या देशात अजून माणसं सापडायची होती, त्यांनी तो दिवस कसा काढला असेल! बक्षीस उद्या कोणीही वाढवील, पण असे दिवस ज्या शर्यतीने पाहिले तिचा मान वेगळाच.

आणि 2024 चा विजेता लॉरेल रिव्हर. साडेआठ लेंग्थने जिंकलेल्या या घोड्याचे ट्रेनर भूपत सीमार, आपले भारतीय. इथल्या तबेल्यांत मोतद्दार, खरारा करणारे, रात्री घोड्यापाशी झोपणारे कितीतरी लोक भारतातले आणि पाकिस्तानातले आहेत. त्यांचं नाव ट्रॉफीवर येत नाही. आई, तुझ्या मनातली रेस पैशाच्या खिडकीशी संपते. मला तुला या माणसांच्या हातातले घोडे दाखवायचेत.

त्या दिवशी एकामागून एक शर्यती असतात, त्यांत एक शुद्ध अरबी घोड्यांची. बाबा, ती चुकवायची नाही, त्यासाठी दुपारीच पोचावं लागेल. मुख्य शर्यत रात्री दिव्यांच्या उजेडात. गुडघ्यांची काळजी नको, मी बसायची जागा लिफ्टजवळची घेईन. आईने टोपी आणि संध्याकाळसाठी शाल घ्यावी, गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्यावी. व्हिसासाठी दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो या आठवड्यात पाठवा, शेजारच्या दादाला सांगितलं तर तो काढून देईल.

तुमची
मनू