लेखनाचे दहा गुण

सांगली,
सोमवार, रात्री साडेनऊ

चि. मेघा हिस अनेक आशीर्वाद.

शनिवारी तू रागाने स्वारगेटची एसटी पकडलीस आणि लाडवांचा डबा ओट्यावरच राहिला. तुझी आई तो कोणाला उघडू देत नाही. "दहा गुण म्हणजे काय मोठेसे" हे माझे बोलणे तुला लागले, हे तू चप्पल घालत असताना माझ्या लक्षात आले. पण तेव्हा तोंडातून शब्द निघाला नाही.

तुझा ओईटीचा, त्या परदेशी नोकरीसाठीच्या इंग्रजी परीक्षेचा, निकाल मी पुन्हा नीट वाचला. ऐकण्यात ३७०, वाचनात ३५०, बोलण्यात ३६०. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला या तिन्हींत ३५० लागतात, ते तू मिळवलेस. लेखनात त्यांना ३०० पुरतात आणि तुला २९० मिळाले. हळदीच्या आडतीत तीस वर्षे दिवाणजी म्हणून काढलेल्या माणसाने दहाला क्षुल्लक म्हणावे, याची मला लाज वाटते. पट्टीत दहा रुपयांचा फरक निघाला, तर तो सापडेपर्यंत मी गादीवरून उठत नाही.

एक गोष्ट मात्र सांगतो. रात्रपाळी संपवून गाडीवरून खोलीवर येताना कानात इअरफोन घालून ते इंग्रजी संवाद ऐकू नकोस. तुझ्या मैत्रिणीने आईला सहज सांगितले, तेव्हापासून मला पहाटे जाग येते.

आता लेखनाच्या परीक्षेतल्या पत्राविषयी. तू सांगितलेस की ४५ मिनिटांतली पहिली पाच नुसती वाचायची, तेवढ्यात काही लिहायचे नाही. मग रुग्णाच्या टिपणांतून पुढच्या माणसाला हवे तेवढेच उचलून १८० ते २०० शब्दांत पत्र बसवायचे आणि ते कशासाठी लिहिले, हे आरंभीच सांगायचे. तू टिपणांतले सगळेच लिहून टाकलेस, असे तूच म्हणालीस. हा दोष माझ्याकडून आला असावा, हे पत्र पाहूनही तुला ते पटेल.

पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हाचे तुला आठवते का? तू जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या, दुसऱ्या वर्षाला होतीस. बोटीत एकच जागा होती, म्हणून आजीला एकटीला पाठवावे लागले, आणि तू वहीचे पान फाडून, लिहून, दुधाच्या पिशवीत घालून तिच्या पदराला बांधलेस. वय ७४, मधुमेह, इन्सुलिन किती आणि केव्हा, काल रात्रीपासून दिलेले नाही, डाव्या अंगठ्याला जखम, उजव्या कानाने ऐकू येत नाही, डावीकडून बोलावे. तिच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशने लिहायची राहिली, असे मी म्हणालो, तर तू माझ्यावरच खेकसलीस, "बाबा, त्यांना आज रात्री त्याचे काय?" निवारा केंद्रातले डॉक्टर तो कागद वाचून उठले आणि डाव्या बाजूला येऊन बसले, हे आजी शेवटपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

रोज एक पत्र घड्याळ लावून लिहीत जा, लिहिल्यावर ज्याच्या हाती ते पडणार त्याच्या नजरेने वाच, अनावश्यक ओळ निर्दयपणे काट, आणि झोप मोडून काही करू नकोस, कारण झोप नसली की माणूस गाडीवर... पुन्हा तेच. क्षमा कर. ओईटी मला ठाऊक नाही आणि रात्रपाळीही मी कधी केलेली नाही.

खरे सांगायचे तर निकाल ऐकून पहिल्या क्षणी मला थोडे बरे वाटले होते. ३०० झाले की सीबीटी ही संगणकावरची परीक्षा, मग व्हिसा, मग तिकडची ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा, आणि मग तिकडेच घर. 'काय मोठेसे' हा शब्द त्यातूनच निसटला असावा. आईला हे सांगू नकोस.

बारा महिन्यांच्या आतल्या दोन परीक्षांचे गुण जोडता येतात, पण चारही भाग पुन्हा द्यावे लागतात, असे तू म्हणालीस. तेव्हा लवकरची तारीख घे. फीचे मी बघतो; या हंगामात सौदे चांगले झाले आहेत.

डबा उद्या सकाळच्या गाडीने येणाऱ्या काकांबरोबर पाठवतो. इअरफोन पर्समध्ये ठेवल्याशिवाय गाडीला किल्ली लावू नकोस, आणि खोलीवर पोहोचलीस की नुसता मिस्ड कॉल दे. मी जागाच असतो.

तुझे
बाबा