सांड्यांच्या बिळांची नोंद करण्यासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

जैसलमेर जिल्ह्यातल्या आमच्या ओरणांमध्ये, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या चराऊ रानांत, येत्या उन्हाळ्यात आम्ही गावकरी सांड्यांच्या बिळांची नोंद करणार आहोत. हात कमी पडताहेत, म्हणून हे पत्र.

सांडा म्हणजे थारमधला काटेरी शेपटीचा सरडा. नर साधारण 40 ते 50 सेंटीमीटर लांब भरतो, मादी लहान. अंग बसकट, तोंड बोथट, कातडी सैल आणि सुरकुतलेली. सकाळी बिळाबाहेर येतो तेव्हा काळपट दिसतो, ऊन अंगात मुरलं की फिकट पिवळसर होतो. मांडीच्या पुढच्या बाजूला गडद ठिपका असतो. शेपटीवर काटेरी खवल्यांची कडी असतात. शत्रू मागे लागला की सांडा बिळात घुसतो आणि शेपटीने दार अडवून सपासप फटके मारतो. स्वभावाने मात्र गरीब. गवत, पानं, फुलं खाऊन राहणारा.

या शेपटीतच चरबी साठते आणि तीच त्याच्या जिवावर उठली आहे. सांधेदुखी आणि मर्दानगीच्या नावाखाली रस्तोरस्ती विकलं जाणारं ‘सांड्याचं तेल’ याच चरबीचं. पळू नये म्हणून जिवंत सांड्याचा कणा मोडून ठेवतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे सगळं गुन्हा आहे. महाराष्ट्रातल्या बाजारात कुठे हे तेल दिसलं तर विकत घेऊ नका, वनविभागाला कळवा. आमच्यासाठी हीसुद्धा मोठी मदत.

दुसरं संकट जमिनीचं. सांड्याला उडती वाळू चालत नाही, घट्ट सपाट माती लागते. त्याचं तिरकं बीळ दोन मीटरहूनही लांब जातं. नेमक्या अशाच जमिनी नांगराखाली आणि सौर प्रकल्पांखाली जात आहेत. कितीतरी ओरणं कागदोपत्री ‘पडीक’ आहेत. बिळांच्या पक्क्या नोंदी असल्या तर निदान बोलायला पुरावा राहील.

थंडीत सांडा दार मातीने बुजवून आत पडून राहतो, म्हणून मोजणी उन्हातच होते. चालायची सवय असलेले स्वयंसेवक, जुने पण चालू स्मार्टफोन, जीपीएस यंत्रं आणि दुर्बिणी हव्या आहेत. राहण्या-जेवणाची सोय आम्ही करू. रोख देणगी ग्रामसभेतच स्वीकारली जाईल, पावती मिळेल. बिळांचे फोटो ठिकाणासह कुठेही टाकू नका. शिकारीही ते पाहतात.